जाळीची अंगठी

गेल्या महिन्यात मंडळाच्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा स्मरणिकेसाठी तुम्ही काहीतरी इतिहासाचे लिहा." आमच्या वसईत इतिहास म्हटला की किल्ला, चिमाजी अप्पा आणि सोपाऱ्याचा स्तूप. त्यांवर जाणत्या माणसांनी पुष्कळ लिहिले आहे आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु याच सुमारास आमच्या थोरल्या मुलाचा साखरपुडा ठरला आणि होणाऱ्या सुनेने एकच हौस सांगितली, "काकू, मला अंगठी जाळीची हवी. आजींच्या बोटात आहे तशी." हे ऐकून सासूबाईंनी आपला हात पदराखाली घेतला. "ती नको गं, ती सरकारी सोन्याची आहे," एवढेच त्या म्हणाल्या. त्यातून जो इतिहास निघाला तोच भगिनींपुढे ठेवते.

प्रथम अंगठीचे पाहू. साखरपुडा या नावात साखर आहे, पुडा आहे, अंगठीचा पत्ता नाही. मुलीला साडीचोळी द्यावी, ओटी भरावी, साखरेचा पुडा हाती ठेवावा, म्हणजे बोलणी पक्की झाली. अंगठ्यांची अदलाबदल हा पुढे आलेला प्रकार. आपल्या पुराणांत अंगठ्या आहेत, पण त्यांचे काम ओळख पटविण्याचे. मारुतीने सीतेला रामाची मुद्रिका दाखविली. दुष्यंताने शकुंतलेला दिलेली अंगठी पाण्यात पडली आणि माशाच्या पोटातून निघाली. (अर्नाळ्याच्या आमच्या कोळणींना ही गोष्ट सांगावी, त्यांना खरी वाटेल.) त्या अंगठ्यांवर नाव कोरलेले होते, म्हणजे त्या भरीवच असणार. तिकडे रोमन लोकांत वाग्दत्त वधूला लोखंडाची अंगठी पाठवीत, असे प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती भगिनींच्या लग्नात अंगठीला चर्चमध्ये आशीर्वाद मिळतो. वसईत दोन्ही धर्मांची घरे कुंपणाला कुंपण लावून राहतात, तेव्हा एकमेकींचे पाहून रीती इकडच्या तिकडे व्हायच्याच.

आता जाळी. पुष्कळजणी तिला फिरंगी नक्षी म्हणतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती घेतली, म्हणजे दोनशे वर्षे त्यांचा अंमल होता. पोर्तुगालच्या उत्तर भागात गोंदोमार वगैरे गावी सोन्याच्या तारेचे हे काम अजून चालते, त्यामुळे असे वाटणे साहजिक आहे. पण तक्षशिलेजवळ सिरकप येथे मार्शलसाहेबांना उत्खननात सापडलेल्या दागिन्यांत तारेचे आणि रव्याचे बारीक काम आहे, आणि ते पोर्तुगीज इकडे येण्याच्या सुमारे दीड हजार वर्षे आधीचे. ओरिसात कटकला चांदीची तारकशी पिढ्यान्‌पिढ्या चालते, तेलंगणात करीमनगरला चालते. करीमनगरला २००७ साली आणि कटकला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. उलट पोर्तुगालच्या मानुएल राजाच्या कारकिर्दीत गोव्याचा एक सोनार लिस्बनला जाऊन राजासाठी काम करून आला होता. तेव्हा कोणी कोणाकडून काय घेतले, याचा हिशोब एकाच बाजूने मांडू नये. आमच्या सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना स्तूपाच्या पोटात एकात एक ठेवलेल्या डब्या मिळाल्या. अगदी आतली डबी सोन्याची, आणि बरोबर सोन्याची फुले. ती तारेची नव्हेत, पातळ पत्र्याची. परंतु सोने थोडे आणि हात बारीक, ही सवय आपल्या देशात जुनी आहे.

जाळी कशी होते ते एका वृद्ध कारागिराने मला बसवून दाखविले. जंतर म्हणजे लहान लहान होत गेलेल्या भोकांची पोलादी पट्टी. सोन्याची कांडी एकेका भोकातून ओढीत नेली की तार केसासारखी होते. मधून मधून ती तापवावी लागते, नाहीतर तुटते. मग दोन तारांना एकत्र पीळ देतात आणि दाबून चपट्या करतात, त्यामुळे कडेला बारीक दाते दिसतात. जाड तारेची चौकट करून तिच्यात या तारेच्या वेलांट्या आणि चक्रे चिमट्याने बसवायची, वर टाकणखार आणि डागाची पूड टाकून फुंकणीने ज्योत द्यायची. डाग सोन्याच्या आधी वितळला पाहिजे. क्षणभर जास्त आच लागली की चार दिवसांचे काम गोळा होते. डाग आधी वितळायचा तर त्यात मिसळ अधिक असणारच. जाळीत जोड पुष्कळ, म्हणून मोडीत ती घट खाते. सासूसुनांची निम्मी भांडणे या घटीवरून झाली असतील.

सासूबाईंची अंगठी १९६४ सालची. चीनचे युद्ध होऊन गेले होते, लोकांनी संरक्षण निधीला अंगावरचे सोने काढून दिले होते. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या वेळी सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. चोवीस भागांत चौदा भाग सोने, दहा भाग मिसळ. बायकांनी त्याला सोने मानलेच नाही. गिऱ्हाईक तुटले, हजारो सोनारांच्या शेगड्या विझल्या, कित्येकांनी जीव दिले. चौदा कॅरटची अट १९६६ साली उठली; १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. त्या तीन वर्षांत ज्यांचे साखरपुडे झाले त्या मुलींच्या बोटात हे सरकारी सोने आले. काही सोनार चोरून बावीसचे घडवीत, काही चौदा सांगून दहाचे देत. आमच्या आजेसासऱ्यांनी दोन मासे वजनाची जाळीची अंगठी केली. सासूबाईंच्या माहेरी मात्र बोलणे झाले, की पितळेवर मुलगी नेली. ते बोलणे त्यांनी साठ वर्षे मनात ठेवले, हे आम्हांला यंदा कळले.

आम्ही तिघीजणी अंगठी पाहावयास निघालो, सासूबाई, होणारी सून आणि मी. पहिल्या दुकानात त्या गृहस्थाने सासूबाईंची अंगठी नुसती हातावर तोलली आणि म्हणाला, "ही मोडून टाका, भरीव वळे घ्या." मला फार राग आला. त्याने दाखविलेली जाळी साच्यात ओतलेली होती. उजेडाकडे धरली की ओळखू येते. पिळाचे दाते नाहीत, सगळे कसे गुळगुळीत. तेथून उठलो.

खऱ्या जाळीतही पाहून घ्यावे. अंगठी उलटी करून आतून पाहावी, कारण वरून सगळ्याच सुंदर दिसतात. चौकटीची तार जाड हवी, बोटाला लागणारी पट्टी अखंड हवी, आणि पदरावरून फिरविली तर सूत अडकता कामा नये. माप आधीच नीट द्यावे. जाळी मागाहून वाढवायची म्हटली तर आचेने दुसरे जोड सुटतात. आमच्यासारखीने तांदळाचे पीठ मळताना ती काढून ठेवावी, नाहीतर पीठ आत वाळून बसते. बसलेच तर रिठ्याचे पाणी आणि मऊ कुंचला. हॉलमार्क २०२१ पासून अनेक जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि २०२३ च्या एप्रिलपासून सहा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो, पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला तो सक्तीचा नाही. जाळीची अंगठी नेमकी तेथेच बसते. दोन मासे म्हणजे दोन ग्रॅमला जराशी कमीच! म्हणून हलकी अंगठी घेताना कस लेखी मागावा, आणि मोडीला काय कापणार हेही तेव्हाच लिहून घ्यावे.

कसाचा प्रश्न राहिला. बावीस कॅरट मऊ. माझी स्वतःची बावीसची जाळी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बालदीच्या कडीला लागून चेपली. पोर्तुगालात जुन्या रीतीने १९.२ कॅरट वापरतात. आम्ही अठरा ठरविले. ते थोडे कडक, तरी तार वळते.

दुसऱ्या दुकानातल्या मुलाने आपणहून सासूबाईंची अंगठी कस पाहण्याच्या यंत्रात ठेवली. आकडा आला ५७. चौदा कॅरटचे सव्वाअठ्ठावन्नच्या वर भरतात. उरले ते डागाचे, असे त्याने समजावून सांगितले. सासूबाईंनी त्याला पुन्हा ठेवावयास लावली. पुन्हा ५७. "म्हणजे सांगितले तेच दिले," त्या म्हणाल्या, आणि अंगठी बोटात घालून चष्मा पुसू लागल्या. साठ वर्षे धुणीभांडी केलेल्या त्या अंगठीची एक वेलांटी सुटली आहे, बाकी जाळी जशीच्या तशी आहे.

नवी अंगठी वीस दिवसांनी मिळाली, सव्वातीन ग्रॅमची. नमुना जुनीचाच. त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी चहासुद्धा घेतला नाही. केळव्याला भावजयीला फोन लावला आणि आधी आकडा सांगितला, मग खुशाली विचारली.