कोल्हापूरचे पेठांचे फुटबॉल
कोल्हापूर शहरातील पेठांच्या तालीम संघांमध्ये खेळले जाणारे स्थानिक स्पर्धात्मक फुटबॉल. या संघांचे मूळ कुस्तीच्या तालमींत आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) तालमींना राजाश्रय लाभला. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. शिवाजी पेठ व मंगळवार पेठ यांतील चुरस जुनी असून शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार व बालगोपाल हे प्रमुख संघ होत. सामने शाहू स्टेडियमवर होतात. पाठीराखे पेठेनुसार गॅलरीत बसतात. विजयानंतर गुलाल उधळून मिरवणूक निघते. क्रिकेटप्रधान महाराष्ट्रात ही परंपरा विरळाच. १७ वर्षांखालील विश्वचषकात (२०१७) भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. (पहा : कुस्ती, खासबाग मैदान, फुटबॉल).