३.७ गिगाहर्ट्झ आणि एक पेनड्राइव्ह

मशीन माझ्या टेबलावर आलं सोमवारी, २० मे २०१९ च्या सकाळी. तक्रार एका ओळीची: टॅली उघडत नाही. नागपुरात इतवारीला बापाचं लोखंडी सामानाचं दुकान, वर घर, घरात एकच कॉम्प्युटर. दिवसा त्यावर दुकानाचा हिशेब, रात्री इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या पोराचे गेम. जीएसटीचं ३-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस नेमका तोच सोमवार. खालचा घटनाक्रम मी तीन ठिकाणांहून जुळवला आहे: विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, पोरानं मोबाइलवर काढलेले बायोसचे फोटो आणि शेवटी, बाप चहाला खाली गेल्यावर, खुद्द पोराचं तोंड.

शनिवार, रात्री ९:३०. १९ तास बाकी.
जेवण झालंय. पोरगा मशीन रिस्टार्ट करून डिलीटचं बटण दाबत बायोसमध्ये शिरतो. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ १६००: सहा कोअर, मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, सोबत कंपनीचाच पंखा. या मालिकेतल्या सगळ्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर कंपनीनं मोकळा ठेवलेला. बी३५० चा स्वस्त बोर्डही तो बदलू देतो. म्हणजे दार उघडंच आहे. फक्त ओव्हरक्लॉक करून चिप बिघडली तर वॉरंटी नाही, हे कंपनीनं लिहून ठेवलंय. असलं बारीक अक्षर विसाव्या वर्षी कोण वाचतं!

तो ३२ चे ३७ करतो. १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३७, म्हणजे ३.७ गिगाहर्ट्झ. पोरगा हावरा नाही, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. २०११ मध्ये एएमडीच्या लोकांनी द्रवरूप हेलियम ओतून एफएक्स चिप ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेली होती. १९९८ चा सेलेरॉन ३००-ए तर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० चा थेट ४५० व्हायचा, आणि बहुतेकांचा वर्षानुवर्षं तसाच चालायचा. त्यापुढे ह्याचं मागणं म्हणजे काहीच नाही.

रात्री १०:३०. १८ तास बाकी.
व्होल्टेज. सगळे कोअर कामाला लागले की त्याची चिप आपली आपण ३.४ वर, साधारण १.२० व्होल्टवर चालत होती. एका व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं म्हणून पोरगा १.३५ टाकतो.

इथं जरा थांबतो, कारण नवखे हटकून इथंच फसतात. चिपमध्ये होणारी उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. वेग ३.४ चा ३.७ झाला, म्हणजे ९ टक्के वाढला. व्होल्टेज साडेबारा टक्के वाढलं, त्याचा वर्ग केला की २६ टक्क्यांच्या वर. दोन्हींचा गुणाकार करा: उष्णता जवळजवळ ३८ टक्के जास्त. ९ टक्के वेगासाठी ३८ टक्के ताप. इतवारीतला कोणताही व्यापारी ह्या भावात सौदा करणार नाही.

रात्री ११:३०. १७ तास बाकी.
प्रोसेसरला ताण देऊन तपासणारं प्राइम९५ चालू. स्मॉल एफएफटीचा पर्याय, वीस मिनिटं. खिडकीतला कूलर फुल्ल, ताट्या ओल्या, खोली गार. तापमान ७७ वर जाऊन थांबतं. कमाल मर्यादा ९५, तेव्हा काळजी नाही. वेग मोजणाऱ्या सिनेबेंचचा आकडा वाढलेला दिसतो. स्क्रीनशॉट मित्रांना जातो. इथंच झोपला असता तर हा लेख झाला नसता.

रात्री १:००. साडेपंधरा तास बाकी.
झोप येत नाही. मग रॅम. पट्टीवर ३००० छापलेलं आहे, पण बोर्ड तिला २१३३ वर चालवतोय, आणि रायझनमध्ये रॅमचा वेग वाढला की चिपच्या आतली वाहतूकही वेग धरते, हे त्यानं वाचलेलं. ते खरंही आहे. तो थेट ३२०० निवडतो. मशीन चालू होता होता बंद पडतं, पुन्हा प्रयत्न करतं, दुसऱ्या खेपेला विंडोज येतं. आलं ना, मग झालं.

पुन्हा तीच वीस मिनिटांची चाचणी. पास.

आता ही चाचणी काय तपासते ते बघा. स्मॉल एफएफटीचे आकडे इतके छोटे असतात की ते प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्येच मावतात. प्रोसेसर घाम गाळतो, रॅमला जवळजवळ हात लागत नाही. रॅम तपासायची तर त्याच प्राइम९५ मधला ब्लेंड चालवायचा, किंवा पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावून रात्रभर सोडून द्यायचा. पोरानं एक पाहुणा तपासला आणि दोघांना आत घेतलं.

रविवार, सकाळी १०:३०. ६ तास बाकी.
ब्राउझरचा एक टॅब आपोआप मरतो. एक झिप फाइल उघडत नाही, म्हणून तो ती पुन्हा डाउनलोड करतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ह्या वेळेला काही नाही. असणारही नाही. अशा घरगुती रॅममध्ये चूक पकडणारी सोय नसते. एखादा शून्याचा एक झाला तर कुणाला पत्ता लागत नाही आणि तो तसाच एसएसडीवर लिहिला जातो.

दुपारी १:३०. ३ तास बाकी.
बाप खुर्चीत येऊन बसतो. शेजारी खरेदीच्या बिलांचा गठ्ठा. बाहेर मे महिन्यातलं नागपूर. आणि लाइन जाते. इन्व्हर्टरवर पंखा आणि कॉम्प्युटर चालतो, कूलर चालत नाही. वरच्या मजल्याची पत्र्याखालची खोली बघता बघता भट्टी होते.

प्रोसेसरचा पंखा चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोली दहा अंश तापली की चिपही साधारण दहा अंश वर जाते, आणि कॅबिनेटमधल्या त्याच गरम हवेत रॅमच्या पट्ट्या उभ्या. रात्री काठावर चालत असलेली रॅम आता काठाच्या पलीकडे आहे. बाप एकेक व्हाउचर चढवतोय.

दुपारी २:३०. २ तास बाकी.
निळी स्क्रीन. मेमरी मॅनेजमेंट असं काहीतरी, मग रिस्टार्ट. लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद आहे: मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं.

"काय करून राहिला रे तू हिला?"

"काही नाही बाबा, लाइनमुळे झालं असन."

टॅली उघडतं. शिल्लक बरोबर दिसते. बाप पुढचं बिल घेतो.

दुपारी ४:३०.
काम संपलं. बाप शिस्तीचा माणूस. दर रविवारी करतो तसा बॅकअप घेतो: खणातला पेनड्राइव्ह, टॅलीचा बॅकअप, जुन्या फाइलच्या जागी नवी. आधीच्या रविवारची, धडधाकट डेटाची घरातली एकमेव प्रत त्या मिनिटाला पुसली गेली. तिच्या जागी सडलेल्या डेटाची प्रत बसली. तोवर सगळं दुरुस्त होण्याजोगं होतं. ह्यानंतर नाही.

संध्याकाळी ६:३५.
लोकसभेचं शेवटच्या टप्प्यातलं मतदान संपलंय, टीव्हीवर एक्झिट पोलचे आकडे ओरडतायत. बाप रिटर्नची बेरीज बघायला टॅली उघडतो. मेमरी अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. पुन्हा उघडतो, तेच. पोरगा रीराइट मारून बघतो. कंपनी उघडते, पण एप्रिलची निम्मी व्हाउचर गायब. पेनड्राइव्हवरून रिस्टोअर केलं, तरी तेच. मग पोरगा गुपचूप बायोसमध्ये जाऊन सगळं मूळ पदावर आणतो. अर्थात, फाइलला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

सोमवारी मी प्रोसेसर पुन्हा ३.७ वर नेला, रॅम २१३३ वर ठेवली आणि मेमटेस्ट लावला: एकही चूक नाही. मग रॅम ३२०० केली. थोड्याच वेळात पडदा लाल ओळींनी भरला. ज्याला घाबरत घाबरत हात लावला तो प्रोसेसर निर्दोष होता. रात्री एकला, झोप येत नाही म्हणून केलेल्या बदलानं घात केला. त्यातही दोन्ही बदल एकाच रात्रीत, म्हणून कोण चुकलं हे पोराला कळायला मार्ग उरला नाही. रॅम पट्टीवर छापलेल्या आकड्याच्या आत राहिली असती, तर बहुधा मी या घराला ओळखतही नसतो.

डेटा सीएकडे होता, ३१ मार्चपर्यंतचा. त्यापुढची सगळी बिलं फायलींतून काढून पुन्हा चढवावी लागली. बाप वाचायचा, पोरगा टाइप करायचा. रिटर्न २४ तारखेला गेलं. लेट फी दिवसाला ५० रुपये, म्हणजे २०० रुपये, शिवाय कराच्या रकमेवर वर्षाला १८ टक्क्यांनी चार दिवसांचं व्याज. मशीन आता ३.२ वर आहे, रॅम २१३३ वर, आणि खणात पेनड्राइव्ह दोन.