जुन्या बंदुकीचा हरवलेला भाग

नागपुरांतील सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २६ व २७ तारखांस जी झुंज झाली, तिच्या राजकीय परिणामांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्या झुंजींत दोन निराळ्या कारागिरींच्या बंदुका समोरासमोर आल्या होत्या, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानांत येते. आप्पासाहेब भोसल्यांच्या पदरच्या अरबांचें मुख्य हत्यार म्हणजे तोड्याची बंदूक. रेसिडेंट जेंकिन्स याच्या बाजूनें लढणाऱ्या मद्रासी पलटणींचें हत्यार म्हणजे कंपनीची चकमकीची बंदूक. अशा जुन्या बंदुका आज संग्रहालयांत पाहावयास मिळतात. नागपुरास १८६३ सालीं स्थापन झालेल्या व लोकांच्या तोंडीं ‘अजब बंगला’ म्हणून रुळलेल्या मध्यवर्ती संग्रहालयांतही शस्त्रांचें दालन आहे.

दोनदोन शतकें लोटल्यावर अशी बंदूक क्वचितच धडधाकट राहते. कोणाचा घोडा मोडलेला असतो, कोणाची कमान गळून गेलेली असते, कोणाचा गज हरवलेला असतो. पाहणारा सहज म्हणतो, “योग्य तो भाग मिळवून बसवावा, म्हणजे झालें!” पण योग्य भाग कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. जो नीट बसतो तो योग्य, कीं जो खरा तो योग्य?

तोड्याच्या बंदुकीपुरतें उत्तर सरळ आहे. तिची नळी लोहारानें ठोकून घडवावी, दस्ता सुतारानें त्या नळीच्या बेतानें कोरावा, अशी रीत होती. म्हणून एका बंदुकीचा भाग दुसरीस बसावा, अशी अपेक्षाच कोणी करीत नसे. तिचा हरवलेला भाग मिळाला तर तिचाच मिळावयाचा. एरव्हीं नवा घडवावा आणि तो नवा आहे हें स्पष्ट नोंदवून ठेवावें.

कंपनीच्या बंदुकीची गोष्ट अधिक फसवी आहे. तिचा नमुना ठरलेला असे. नळी ३९ इंच लांब, तोंड सुमारें पाऊण इंचाचें. हा नमुना इतका सोयीचा ठरला कीं युद्धाच्या निकडींत खुद्द ब्रिटिश सरकारनें १७९७ सालीं तो आपल्या सैन्यासाठीं उचलला. अशा हजारों बंदुका एकीसारख्या एक दिसतात. परंतु चापाचा प्रत्येक तुकडा कारागिरानें कानशीनें घासून त्या एकाच चापास जुळविलेला असे. तुकड्यांची सरमिसळ होऊं नये म्हणून कित्येकदां आंतल्या बाजूस बारीक खुणा किंवा अंक घालीत. म्हणून जाणता दुरुस्ती करणारा बाहेरच्या रूपावर विश्वास न ठेवतां आधीं या खुणा शोधतो. बाहेर कंपनीचें चिन्ह आणि आंत न जुळणाऱ्या खुणा असा चाप आढळला, तर तो दोन चापांचा मिळून झाला आहे, असा संशय घेण्यास जागा असते.

कोणत्याही चापाचा तुकडा कोणत्याही चापास बसावा, ही कल्पना प्रथम फ्रान्समध्यें मूळ धरूं लागली. १७८५ सालीं ओनोरे ब्लाँ नांवाच्या कारागिरानें पॅरिस येथें अमेरिकेचा वकील जेफर्सन याच्यापुढें पन्नास चापांचे सुटे तुकडे मांडले. जेफर्सननें हातीं येतील ते तुकडे घेऊन कांहीं चाप स्वतः जुळविले, आणि ते बिनचूक जुळले. पुढें अमेरिकेंतील सरकारी कारखान्यांनीं यंत्रांच्या साह्यानें ही कल्पना प्रत्यक्षांत आणली. इंग्लंडास मात्र तिची खरी निकड क्रिमियाच्या युद्धांत भासली. ज्या १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, त्याच सालीं इंग्रजांची एक समिती अमेरिकेस गेली. तिनें यंत्रें विकत घेतलीं व एन्फील्डचा कारखाना नव्या पद्धतीनें उभा राहिला. यामुळें १८५३ च्या नमुन्याच्या एकाच नांवाच्या दोन रायफली झाल्या. एक बर्मिंगहॅम व लंडन येथील कारागिरांनीं हातानें जुळविलेली, दुसरी यंत्रावर झालेली. दुसरीचें मळसूत्र पहिलीस बसेलच असें नाहीं.

याच रायफलीच्या काडतुसांनीं १८५७ चा वणवा पेटण्यास निमित्त दिलें, हें सर्वश्रुत आहे. त्यानंतर घडलेली गोष्ट मात्र तितकी प्रसिद्ध नाहीं. राज्यकर्त्यांनीं कित्येक वर्षें बहुतेक हिंदी पायदळाच्या हातीं पिळाच्या खाचांची नळी येऊं दिली नाहीं. तयार रायफलींच्या नळ्यांतील खाचा कोरून काढून त्या गुळगुळीत केल्या. दूरचा नेम धरण्याची मागची पट्टी काढून तेथें एक स्थिर ठोकळा बसविला. पुढें १८५९ च्या नमुन्यांत मुळांतच गुळगुळीत नळी करण्यांत आली. गुळगुळीत नळीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरंवशाचा राहात नाहीं. रायफल त्याच्या कितीतरी पट लांब मारा करी. गोऱ्या शिपायाच्या हातीं एक आणि हिंदी शिपायाच्या हातीं दुसरी, हा भेद धोरणानें केलेला होता.

आतां अशी बंदूक एखाद्या हौशी संग्राहकाच्या हातीं लागली असें समजूं. तो १८५३ चा नमुना पुढें ठेवून पाहतो. नळींत खाचा नाहींत, पट्टी नाहीं. म्हणजे बंदूक बिघडलेली आहे, असें त्यास वाटतें. मोठ्या खटपटीनें तो अस्सल एन्फील्डची खाचांची नळी व सरकती पट्टी मिळवितो. प्रत्येक भाग खरा, जुना आणि नमुन्याबरहुकूम. तरीही त्या दुरुस्तीनें एका सरकारच्या अविश्वासाचा, आणि तो अविश्वास खांद्यावर वाहून लढलेल्या शिपायाचा पुरावा पुसून टाकला! जें उणें दिसत होतें, तेंच त्या बंदुकीचें सांगणें होतें.

हाच न्याय पुढच्या बदलांनाही लागू आहे. १८६६ पासून असंख्य एन्फील्ड रायफलींची नळी मागून कापून त्यांना स्नायडरची मागून भरण्याची युक्ति जोडण्यांत आली. अशी बंदूक पुन्हां ठासणीची करणें म्हणजे तिचें अर्धें आयुष्य नाकारणें होय.

म्हणून हरवलेला भाग शोधण्यापूर्वीं तो केव्हां, कोणी व कां काढला, हें विचारलें पाहिजे. अपघातानें गेला असेल तर त्याच कारागिरीचा शोधावा. न मिळाल्यास नवा करून त्यावर सालाची खूण घालावी. हेतुपूर्वक काढला असेल तर ती जागा रिकामी राहूं द्यावी. आपल्या घरांतील जुने वाडे, देवळें व दप्तरें यांची डागडुजी करतांनाही हा विचार मनांत ठेवण्याजोगा आहे.