काचेचा कठडा (चंद्रपूर–गडचिरोली परिसर)

काचेचा कठडा : गॅलरीच्या, गच्चीच्या किंवा जिन्याच्या उघड्या कडेवरून माणूस खाली पडू नये म्हणून काचेच्या तावदानांनी केलेली अडसर-भिंत. बाजारात याला ‘ग्लास रेलिंग’ म्हणतात आणि त्याचा दर रनिंग फुटावर सांगतात. चंद्रपूर शहर, बल्लारपूर, राजुरा, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, आलापल्ली अशा गावांतल्या नव्या दुमजली घरांवर आता तो दिसू लागला आहे. त्याआधी इथे सागवानी कठडे, लोखंडी ग्रील, सिमेंटची जाळी आणि विटांची पॅरापेट भिंत होती, आणि ती अजूनही आहे. काचेचा कठडा वाईट नाही. पण त्याची निवड बहुधा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचे फोटो पाहून होते. इथली हवा, धूळ आणि शेजारचे जंगल यांचा हिशेब त्या फोटोत नसतो.

ऊन आणि काच : मे महिन्यात ४६-४७ अंश तापमान चंद्रपूरकरांना नवे नाही. हवा एवढी तापते तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीतली काच आणि तिच्यावरचा स्टीलचा दांडा हवेपेक्षाही जास्त तापतात. साध्या काचेचा एक भाग उन्हात आणि दुसरा सावलीत असला आणि दोहोंत ४० अंशांच्या आसपास फरक पडला, तर ती तडकू शकते. अवकाळी पावसाची पहिली सर तापलेल्या काचेवर आली तरी हाच धोका असतो. म्हणून साधी काच कठड्याला कधीच लावू नये. टफन काच हा फरक सहज सोसते. टफन करताना काच ६०० अंशांच्या वर तापवतात आणि थंड हवेच्या झोताने झटकन निववतात. बाहेरचे थर आधी आकसून घट्ट होतात, आतला भाग नंतर आकसतो, आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते. फुटलीच तर लांब धारदार सुऱ्यांऐवजी तिचे बोथट बारीक तुकडे होतात. हा गुण शोकेसच्या किंवा दाराच्या काचेला पुरतो, कठड्याला पुरत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे तावदान क्षणात खडीसारखे खाली सांडले, तर त्या जागी अडसर उरत नाही आणि खाली कोण उभे आहे याचाही नेम नसतो.

शिवाय टफन काच कधीकधी कोणी हात न लावता फुटते. काच बनताना तिच्यात निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकून राहतो, महिन्या-वर्षांनी तो फुगतो आणि आतून काच फोडतो. त्यावरचा उपाय म्हणजे काच घरी येण्याआधीच कारखान्यात पुन्हा भट्टीत तापवून ठेवणे. दोष असलेली बहुतेक तावदाने तिथेच फुटून जातात. ही ‘हीट सोक’ प्रक्रिया केली आहे का, हे मागणी नोंदवतानाच विचारावे लागते. दुकानदार आपणहून सांगत नाही.

कठड्यासाठी योग्य काच म्हणजे टफन करून मग लॅमिनेट केलेली. यात दोन टफन काचांमध्ये एक पारदर्शक प्लास्टिकचा थर दाबून चिकटवलेला असतो. घरगुती कामात ६ अधिक ६ मिलिमीटर आणि मध्ये १.५२ मिलिमीटरचा थर ही जोडी चालते. एक काच फुटली तरी दुसरी उभी राहते आणि तुकडे थराला चिकटून राहतात. पण इथेही चंद्रपूरचे ऊन आडवे येते. नेहमीचा पीव्हीबी थर उष्णतेने मऊ पडतो आणि तापलेल्या काचेत त्याचा ताठपणा फारच थोडा उरतो. दोन्ही काचा फुटल्या तर असे तावदान ओल्या गोधडीसारखे वाकून खाली लोंबते. त्याहून ताठ, आयोनोप्लास्ट जातीचा थरही मिळतो. तो उन्हात बराच टिकतो, पण महाग पडतो. ज्याला तो परवडत नाही त्याने पीव्हीबीच घ्यावा, मात्र काच तळातून उभी करून वरची कड मोकळी सोडण्याचा प्रकार घेऊ नये. वर सलग हातदांडा आणि दोन्ही बाजूंना खांब असले की काच फुटली तरी ती चौकटीत राहते. या दोन जिल्ह्यांत बिनदांड्याचा, नुसत्या काचेचा कठडा लावू नये, असे स्पष्टच म्हणावे लागेल. दिसायला तो सर्वांत देखणा असतो आणि तोच इथे सर्वांत नाजूक ठरतो.

हातदांडा कशाचा, हा प्रश्न छोटा वाटतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता स्टीलच्या दांड्यावर हात ठेवणाऱ्याला तो छोटा वाटत नाही. आलापल्लीच्या आणि बल्लारपूरच्या सागाचा हा मुलूख आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान बल्लारपूरच्या आगारातूनच गेले. काचेवर सागवानी दांडा बसवला तर तो हाताला चटका देत नाही आणि घरालाही आपला वाटतो. अधूनमधून त्याला तेल किंवा पॉलिश द्यावे लागते, एवढाच खर्च.

वारा आणि वजन : काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला, दर चौरस मीटरला अडीच किलो धरतात. म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचे, १.२ मीटर रुंद आणि १ मीटर उंच तावदान ३६ किलोचे होते. ग्रीलमधून वारा पार जातो, काच तो पूर्ण अंगावर घेते. भारतीय मानक आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात जवळच्या नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्यावरून काढलेला दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो वजनाइतका येतो. इमारतीची उंची आणि भोवतालची झाडे-घरे यांनुसार तो कमी-जास्त होतो. एप्रिल-मेमधल्या वावटळी आणि मृगाच्या आधीची वादळे पाहिलेल्या माणसाला हा आकडा अवास्तव वाटणार नाही.

हा सगळा भार शेवटी काही बोल्टांवर येतो. काच एक मीटर उंच आणि तिला धरणारे तळाचे चॅनेल दहा सेंटिमीटर खोल असेल, तर वरच्या कडेला पन्नास किलोचा रेटा बसला की चॅनेलच्या कडेला तो सुमारे दहापट होऊन पोचतो. त्यामुळे बोल्ट स्लॅबच्या किंवा बीमच्या काँक्रीटमध्येच जायला हवेत. चंद्रपुरात याला एक खास कारण आहे. औष्णिक वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामात राखेचा माल वापरावा, असा केंद्र सरकारचा नियम आहे. दुर्गापूर-ऊर्जानगरचे २९२० मेगावॉटचे केंद्र शहराला लागूनच आहे, त्यामुळे नवी घरे बहुधा राखेच्या विटांची असतात. भिंतीला या विटा चांगल्याच आहेत. पण अर्धी पॅरापेट बांधून तिच्या माथ्यावर बोल्ट ठोकून काच उभी केली, तर विटेचा कडेचा तुकडा बोल्टासकट निघून येतो. अर्धी भिंत ठेवायचीच असेल तर तिच्या माथ्यावर सळया टाकून काँक्रीटचा पट्टा ओतून घ्यावा. फरशीतून किंवा टाइलमधून मारलेल्या आखूड बोल्टाचीही हीच गत होते. वरून स्टीलची टोपी बसली की आतले काही दिसत नाही, म्हणून बोल्ट मारताना घरच्या माणसाने तिथे उभे राहावे.

उंची फरशीपासून १.०५ ते १.२ मीटर ठेवावी, आणि ती फरशी बसल्यानंतर मोजावी. दोन तावदानांमधली आणि काचेखालची फट दहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, म्हणजे लहान मुलाचे डोके आत जात नाही. आडव्या पाइपांच्या रेलिंगवर मुले शिडीसारखी चढतात. तो धोका काचेत नाही. लहान मुले असलेल्या घरात काचेच्या बाजूने बोलणारी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. मात्र काचेला लागून खुर्ची, कुंडी किंवा कूलरचा स्टँड ठेवला तर हा फायदा जातो.

कूलर : गॅलरीत कूलर नाही असे घर इथे विरळा. कूलरला मागून मोकळी हवा लागते आणि काच ती अडवते. गॅलरी अरुंद असेल तर कूलर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि खोली गार होत नाही. उन्हाळ्यात गॅलरीत अंथरूण टाकणाऱ्यांनाही हा फरक कळतो. फरशीलगतचा रात्रीचा वारा काचेच्या कठड्याआड अंगापर्यंत येत नाही. यावर दोन उपाय आहेत. काचेखाली सात-आठ सेंटिमीटरची फट सोडावी, आणि कूलर बसतो तेवढ्या भागात काचेऐवजी उभ्या सळ्यांची ग्रील घालावी. सगळा कठडा एकाच मालाचा असला पाहिजे असे कुठे आहे? कूलरच्या पाण्याचे शिंतोडेही उडतात. राजुरा-कोरपना-गडचांदूर हा चुनखडीचा पट्टा आहे आणि बोअरचे पाणी जड. शिंतोडे वाळले की काचेवर पांढरे डाग बसतात. ते लिंबू किंवा व्हिनेगरच्या पाण्याने वेळीच काढले तर निघतात, वर्षभर राहिले तर काचेत मुरतात.

धूळ : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक भागांत चौथे होते. घुग्गुस, दुर्गापूर, बल्लारपूर, पद्मापूर भागात कोळशाची काळी धूळ आणि राख बसते, सिमेंट कारखान्यांजवळ करडी. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक जातात त्या आलापल्ली-आष्टी रस्त्यावरची धूळ लाल असते. राखेतले सिलिकेचे कण कठीण असतात. कोरड्या फडक्याने काच पुसली की तिच्यावर ओरखडे उठतात. आधी पाणी ओतावे, मग मऊ फडके फिरवावे. घुग्गुससारख्या ठिकाणी काच स्वच्छ दिसावी असे वाटत असेल तर आठवड्यातून दोनदा धुवावी लागेल. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असलेल्या घराने ही काच घेण्यापूर्वी तेवढा विचार करावा. अशा घरी पूर्ण पारदर्शक काचेपेक्षा दुधी किंवा करड्या छटेची काच धूळ कमी दाखवते, आणि दोरीवरची लुगडी आणि वाळवणेही रस्त्यावरून दिसत नाहीत.

खांबांचे स्टीलही इथे जपून घ्यावे. २०२ क्रमांकाचे स्टेनलेस स्टील स्वस्त असते. राख, गंधकाचा धूर आणि पावसाळ्याची ओल यांत त्यावर वर्ष-दोन वर्षांतच तांबूस ठिपके येतात. ३०४ मागावे. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती इथे चालत नाही. २०२ आणि ३०४ या दोन्ही जाती साधारणपणे चुंबकाला चिकटत नाहीत. रंग बदलणारे रासायनिक थेंब टाकून त्यांतला फरक कळतो. चांगल्या फॅब्रिकेटरकडे ती बाटली असते.

वन्यजीव : गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे, आणि चंद्रपुरात ताडोब्याचे जंगल वीज केंद्राच्या भिंतीपर्यंत येते. वानरांच्या टोळ्या छपरावरून गॅलरीत उड्या मारतात. मोठा हुप्प्या पंधरा-वीस किलोचा असतो. त्याची उडी दांड्यावर पडते, म्हणूनही वर सलग दांडा हवा. गुळगुळीत काचेवर वानराला पाय टेकवता येत नाही, हा फायदा खरा, पण त्याने वानरे थांबत नाहीत. बिबट्याच्या बाबतीत तर कोणताही गैरसमज नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऊर्जानगर-दुर्गापूर भागात वाघ आणि बिबट्याने माणसे मारली. सव्वा मीटरचा कठडा, काचेचा असो की विटांचा, बिबट्याला अडवत नाही. जंगलालगतच्या तळमजल्याच्या ओसरीला स्लॅबपर्यंत जाणारी लोखंडी जाळीच लागते. तिथे काचेवर पैसा घालवू नये.

पक्ष्यांना काच दिसत नाही. तिच्यात त्यांना झाड आणि आकाश दिसते आणि ते त्यात झेपावतात. परसात मोह, आंबा, जांभूळ असलेल्या घरी बुलबुल, शिंजीर, तांबट आदळतात. पावसाळ्याच्या तोंडाला रात्री प्रवास करणारा नवरंग घरातल्या दिव्यांच्या उजेडाकडे ओढला जाऊन काचेवर येतो. काचेवर घारीचे किंवा ससाण्याचे एखादे चित्र चिकटवून उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जातो. बाहेरच्या बाजूला पाच सेंटिमीटर अंतरावर ठिपके किंवा उभ्या रेघा पूर्ण काचेवर असल्या तर मात्र टक्कर टळते. अशा रेघा काच बनवतानाच कोरून घेता येतात. वारली चित्रे कोरून घेण्याची हौस सध्या आहे. त्याऐवजी गोंडी ढेमसाच्या नर्तकांची दाट रांग काढली तर घर इथले दिसेल आणि पक्षीही वाचतील.

बांबू : काच नको असेल तर हा पर्याय इथल्याइतका जवळ कुठेच नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकते. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्रक्रिया केलेल्या भरीव बांबूच्या उभ्या काठ्या लोखंडी चौकटीत बसवल्या की कठडा गार राहतो, वारा येतो आणि काठी मोडली तर गावातच बदलता येते. तिला ऊन-पावसाचा मार थेट लागू नये म्हणून छपराचा पुढावा मात्र हवा.

बसवताना : टफन काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून माप फरशी, प्लास्टर आणि खांब झाल्यावरच घ्यावे. वेल्डिंगच्या आणि ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग जात नाहीत, त्यामुळे सगळे लोखंडी काम संपल्यावर काच आणावी. काच आणि धातू यांच्यात सगळीकडे रबर हवे. खाणीतल्या सुरुंगांचे हादरे बसणाऱ्या वस्त्यांत तर ते फार महत्त्वाचे. हादरे खाणीचेच असतात असेही नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातल्या मुलुगूजवळचा ५.३ रिश्टरचा भूकंप गडचिरोली आणि चंद्रपूरमध्येही जाणवला होता. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागात घर असेल तर एक तावदान जादा मागवून ठेवावे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि फुटलेल्या जागी आठवडाभर दोरी बांधून राहण्याची वेळ येते.

प्रत्येक टफन तावदानाच्या एका कोपऱ्यात उत्पादकाची कोरलेली खूण आणि आय.एस. २५५३ हा मानक क्रमांक असायला हवा. काच गाडीतून उतरवण्याआधी प्रत्येक तावदानावर ती खूण पाहा, आणि नसेल तर ती काच उतरवून घेऊ नका.