जपानी चित्रकथांतील प्रीति

प्रेमकथा म्हटली कीं प्रेमिकांच्या मीलनाआड कांहीं तरी विघ्न यावें लागतें: बापाचा विरोध, दारिद्र्य, नाहीं तर गैरसमज. जपानांत मुलींच्या मासिकांतून ज्या चित्रकथा क्रमशः निघतात, त्यांना 'शोजो मांगा' म्हणतात. त्यांत हें विघ्न पुष्कळदां नायिकेच्या मनांतच दडलेलें असतें. 'मी कोणाच्या प्रेमास पात्र आहें काय?' ही तिची शंका. ती फिटेपर्यंत प्रेमाची कबुली लांबत जाते, आणि वाचक पुढील अंकाची वाट पाहतो.

या कथा आरंभीं बहुतेक पुरुषच रचीत. ओसामु तेझुका यांनीं १९५३ सालीं 'रिबन नो किशी' ही कथा सुरू केली. तींत राजकन्या राज्यासाठीं राजपुत्राच्या वेषांत वावरते. पुढें १९७० च्या सुमारास तरुण लेखिकांची एक पिढी उदयास आली. त्यांपैकीं कित्येकींचा जन्म शोवा २४, म्हणजे १९४९, या सालाच्या आगेंमागें झालेला. म्हणून त्यांस 'चोविसाव्या सालच्या' असें नांव पडलें. मोतो हागियो त्यांतल्याच. चित्रांच्या चौकटी त्यांनीं मोडल्या आणि संवादाच्या फुग्याबाहेर पात्राचें मनोगत मोकळें सोडलें. आपल्या नाटकांतील स्वगताचेंच जणूं हें कागदावरील रूप.

रियोको इकेदा यांच्या 'बेरुसाईयु नो बारा' (१९७२-७३) या कथेंतील ऑस्कर ही फ्रेंच सरदारकन्या पुत्र म्हणून वाढविली जाते. सामान्य कुळांतील बालमित्रावर तिचें प्रेम जडतें, आणि १७८९ सालीं बास्तीलच्या लढ्यांत ती लोकांच्या बाजूनें प्राण देते. तिची प्रीति आणि तिची विवेकबुद्धि एकाच निर्णयास पोंचतात. त्याच दशकांत 'रिबन' मासिकांतील मुत्सु ए-को यांची नायिका मात्र साधी, बुजरी मुलगी आहे. 'तूं आहेस तशीच मला आवडतेस,' अशा अर्थाचे शब्द आवडत्या मुलाकडून ऐकले कीं ती कृतार्थ होते. समीक्षिका युकारी फुजिमोतो यांनीं १९९८ च्या आपल्या ग्रंथांत या कथांचें मूळ 'माझी जागा कोठें?' या प्रश्नांत शोधलें.

प्रश्न मोठा आहे. पण त्याचें उत्तर एकाच्याच मुखीं असावें काय? करुहो शीना यांच्या, २०१७ सालीं पूर्ण झालेल्या, 'किमि नि तोदोके' या कथेंत निराळें उत्तर मिळतें. नायिकेस भुतासारखी समजून वर्गांतील मुलें टाळतात. तिला आधीं दोन मैत्रिणी लाभतात; प्रेमाची कबुली पुष्कळ मागाहून येते. आपण चारचौघींत बसण्याजोग्या आहोंत हें कळल्यावरच तिला प्रेमाचा स्वीकार करतां येतो. लांबलेल्या कबुलीचा खरा अर्थ हाच: तितका काळ ती मुलगी स्वतःला ओळखण्यांत घालविते.