कौतुकाचं हार्डवेअर

गेल्या महिन्यात एका हार्डवेअर विकणाऱ्या कंपनीने लेखनस्पर्धा जाहीर केली. विषय एका ओळीचा. ज्या हार्डवेअरचं तुम्हाला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं त्याबद्दल लिहा. पहिलं बक्षीस ग्राफिक्स कार्ड. आता एवढं वाचल्यावर कुठला इंजिनिअर गप्प बसेल? भरून टाकला फॉर्म. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन सहा वर्षं दुसऱ्यांचा जावा कोड दुरुस्त करतोय, निदान लिहिण्याच्या निमित्ताने तरी हार्डवेअरला हात लागेल म्हटलं.

पण लिहायचं कशावर? बाकीचे काय लिहिणार हे न सांगता कळतं. अमुक कार्ड, तमुक प्रोसेसर, इतके फ्रेम पर सेकंद. म्हणजे जे आज सगळ्यात वेगवान, त्याचं कौतुक. आणि सहा महिन्यांनी त्याच्याहून वेगवान आलं की हे कौतुक भंगारात. मला हे कधी पटलेलं नाही. वेग हा हार्डवेअरचा सगळ्यात लवकर शिळा होणारा गुण आहे. मग काय शिळं होत नाही, हे शोधत दोन वीकएंड गेले. त्यातून जे सापडलं ते इथे मांडतोय, कारण स्पर्धेची शब्दमर्यादा पाचशे आहे आणि माझं पोट तेवढ्यात भरत नाही.

सुरुवात कुलाब्यापासून. आम्हा नायगावकरांना (दादरचं नायगाव नव्हे बरं का, भाईंदर सोडून खाडी ओलांडली की पहिलं स्टेशन लागतं ते) कुलाबा म्हणजे जगाचं दुसरं टोक. आमची धाव फार तर मुंबई सेंट्रलपर्यंत, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. त्याचं अधिकृत नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून रॅम मागायला कुणी जात नाही. आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर तिथूनच 'असेंबल' होऊन आला. त्यामुळे कॉम्प्युटर 'बनवणं' म्हणजे चार स्क्रू, एक पंखा आणि थोडी थर्मल पेस्ट, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तर त्याच्याही पुढे, बेटाच्या पार शेवटी, टीआयएफआर आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था. आणि तिथल्या लोकांनी जे बनवलं त्यात 'असेंबल' करायला बाजारात सुटे भागच नव्हते.

१९५४ च्या सुमारास आर. नरसिंहन नावाचा तरुण अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएच.डी. करून परतला. होमी भाभांच्या संस्थेत एक छोटा गट जमला आणि इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनवायचं ठरलं. त्या वेळी देशात कॉम्प्युटर म्हणावं असं काही नव्हतं. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५ च्या आसपास आलेलं एचईसी-२एम हे देशातलं पहिलं मशीन, पण ते इंग्लंडहून विकत आणलेलं. मुंबईच्या गटाने विकत आणायचं नाही असं ठरवलं. आधी एक छोटं नमुना मशीन केलं, ते १९५६ मध्ये चालू झालं. म्हणजे आपल्या भाषेत 'प्रूफ ऑफ कन्सेप्ट'. मग मोठं बांधायला घेतलं आणि ते १९६० च्या फेब्रुवारीत कामाला लागलं. पुढे १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्याचं बारसं केलं, नाव टिफ्रॅक. टीआयएफआर ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर.

आता आकडे बघा. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब. १,७०० जर्मेनियम डायोड. १२,५०० रेझिस्टर. सगळं एका लोखंडी सांगाड्यात, लांबी १८ फूट, उंची ८ फूट. नायगाव पूर्वेच्या वन-रूम-किचनमध्ये हा सांगाडा कर्णात घातला तरी मावणार नाही. शब्दाची लांबी ४० बिट. मेमरी फेराइट कोअरची, म्हणजे बारीक चुंबकी कड्या तारांत ओवून केलेली, आणि तिची क्षमता जेमतेम काही किलोबाइट. बस्स.

काही किलोबाइट म्हणजे किती? तुम्ही वाचताय तो हा लेख युनिकोडमध्ये साठवायचा तर एकापेक्षा जास्त टिफ्रॅक लागतील. नुसता साठवायला, त्यावर काही करायला नाही. (हा हिशोब डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आणि तरी या एवढ्याशा मेमरीवर शास्त्रज्ञ रांग लावून आपली गणितं सोडवून नेत. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून द्यायचा, उत्तर टेलिप्रिंटरवर. शिवाय त्या लोकांनी कॅथोड रे ट्यूबचा एक पडदाही जोडला होता, त्यावर आलेख आणि अक्षरं दिसायची. मला या पडद्याचं फार अप्रूप वाटतं. मेमरी काही किलोबाइट, पण चित्र बघायची हौस दांडगी! बक्षिसाच्या ग्राफिक्स कार्डाचा हा मुंबईतला पूर्वज म्हणायला हरकत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. टिफ्रॅक चालू झालं तेव्हाच ते जुनं झालं होतं. जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. १९६१ मध्ये याच मुंबईत एस्सो या तेल कंपनीने आयबीएमचं १४०१ आणलं, ते ट्रान्झिस्टरवालं. म्हणजे वर्षभरात, एकाच शहरात, एकीकडे हाताने बांधलेलं ट्यूबचं मशीन आणि दुसरीकडे धंद्याचे हिशोब करणारं तयार मशीन. स्पर्धा म्हणाल तर ती तिथेच संपली. टीआयएफआरनेही १९६४ मध्ये अमेरिकन सीडीसी ३६०० घेतलं आणि टिफ्रॅकचं काम थांबलं. चार-पाच वर्षांचं आयुष्य.

इथे कुणीही विचारेल, मग एवढा खटाटोप कशाला? विकतच का नाही घेतलं पहिल्यापासून? ऑफिसात हाच प्रश्न दर तिमाहीला येतो, बनवायचं की विकत घ्यायचं. आणि दर वेळी एक्सेल शीटमध्ये 'विकत घ्या' जिंकतं, कारण शीटमध्ये एक रकाना नसतोच : बनवताना जे लोक तयार होतात त्यांचा. टिफ्रॅकवर हात बसलेले लोक पुढे देशातल्या कॉम्प्युटर संशोधनाच्या पहिल्या फळीत होते. स्वतः नरसिंहन पॅटर्न रेकग्निशनमध्ये जगभर नाव कमावून गेले. सीडीसी चालवायला माणसं लागली तेव्हा ती आकाशातून पडली नाहीत.

असो. आता पुण्याकडे वळू. परमची गोष्ट मराठी घरात सगळ्यांना तोंडपाठ असते, निदान तिचा सिनेमाछाप भाग. अमेरिकेने महासंगणक नाकारला, आपण जिद्दीने बनवला, टाळ्या. खरी गोष्ट थोडी जास्त गुंतागुंतीची आणि माझ्या मते जास्त चांगली आहे. अमेरिकेने सरसकट नाकारलं नव्हतं. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला क्रे एक्स-एमपी १४ मिळालं, भरपूर अटींसह. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला त्याहून ताकदवान मशीन हवं होतं, ते मिळालं नाही. अण्वस्त्रांसाठी वापराल ही भीती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, प्रमुख डॉ. विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातले, नागपूरला इंजिनिअरिंग केलेले. मुदत तीन वर्षं. १९९१ मध्ये परम ८००० तयार.

मला यातली डिझाइनची निवड आवडते. क्रेसारखा एकच राक्षसी वेगवान प्रोसेसर बनवणं आपल्याला शक्य नव्हतं. तेवढी चिप बनवायची सोयच नव्हती. म्हणून त्यांनी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर घेतले. ट्रान्सप्युटर म्हणजे एकाच चिपवर प्रोसेसर आणि शेजारच्या चिपशी बोलायला चार दुवे. चिप स्वस्त, कुणी अडवणार नाही अशी, आणि एकटी फार काही दमदार नाही. पण ६४ जोडल्या की गोष्ट बदलते. एकट्या पैलवानाच्या ऐवजी दिंडी. अवघड भाग चिप जोडण्यात नव्हता, काम ६४ जणांत वाटण्यात होता. ज्याने कधी मल्टिथ्रेडिंगचा बग शोधलाय त्याला याचा अर्थ कळेल. तिकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच सुमारास 'अनुपम' नावाचं समांतर मशीन उभं राहत होतं. म्हणजे हा वाट सापडण्याचा काळच होता.

ट्रान्सप्युटरचं पुढे काय झालं? नव्वदच्या दशकात ती चिप बाजारातून गेली. सी-डॅकने पुढच्या मशीनमध्ये दुसरे प्रोसेसर घेतले, मग तिसरे. चिप परदेशी होती, ती गेली. वाटणीचं शहाणपण आपलं होतं, ते राहिलं. 'परम स्वदेशी होतं का?' या प्रश्नावर मी कॅन्टीनमध्ये तासभर भांडलोय. माझं उत्तर हेच : अर्धं होतं, आणि बरोबर अर्धं होतं.

तिसरं मशीन 'एका'. हेही पुण्यातलंच, टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचं. नोव्हेंबर २००७ च्या टॉप ५०० यादीत जगात चौथं, आशियात पहिलं, ११७.९ टेराफ्लॉप्स. सरकारी पैशाशिवाय. ज्यांना स्पर्धाच हवी त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. आणि पुढच्या याद्याही बघा : जून २००८ मध्ये आठवं, नोव्हेंबर २००८ मध्ये तेरावं. मशीन तेच, उलट आकडा थोडा वाढलेला, पण नंबर घसरत गेला. एचपीचे सर्व्हर, इंटेलचे प्रोसेसर, आपल्याकडची जुळणी. नाव ठेवत नाही, एवढे सर्व्हर एकत्र नांदवणं सोपं नसतं. पण सर्व्हर विकत घेणाऱ्याला दुसरा जास्त सर्व्हर घेणारा कधीतरी भेटतोच.

(आणि एक गंमत. २०१८ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'प्रत्यूष' आलं, तेही हवामानासाठीच. कंपनी कुठली? क्रे!)

तर स्पर्धेसाठी टिफ्रॅक, परम की एका? शेवटी मी तिघांनाही बाजूला ठेवलं आणि अशा एका वस्तूवर लिहिलं जिच्या नावाने कुणी टाळ्या वाजवत नाही. जिस्ट कार्ड.

परमच्या गोंगाटात सी-डॅकचं हे काम झाकोळून गेलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, मोहन तांबे यांनी पुढे पुण्याला आणलेलं. साध्या पीसीत खोचायचं कार्ड. त्या काळी डॉसवर वर्डस्टार, डीबेस असले प्रोग्रॅम चालायचे, सगळे इंग्रजी. हे कार्ड खोचलं की तेच प्रोग्रॅम मराठी, हिंदी, तमिळ दाखवू लागायचे. प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा! युक्ती अशी : एका बाइटमध्ये २५६ जागा, त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजीच्या, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या अर्ध्यात भारतीय अक्षरं. आणि तीही सगळ्या लिप्यांना एकच क्रमांक देऊन, कारण देवनागरीचा 'क' आणि तमिळचा 'क' उच्चाराने एकच. जोडाक्षरं जुळवून पडद्यावर काढायचं काम कार्ड करणार. प्रोग्रॅमला फक्त बाइट दिसणार.

या अक्षरक्रमाचं नाव इस्की. १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं, त्याच वर्षी ज्या वर्षी परम आलं. एका अक्षराला एक बाइट. मघाचा हिशोब आठवा : युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला सहसा तीन बाइट लागतात, म्हणून हा लेख एकापेक्षा जास्त टिफ्रॅक खातो. इस्कीमध्ये तो याच्या निम्म्याहून कमी जागेत बसला असता.

वेगाच्या कुठल्याच यादीत हे कार्ड कधी आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. विंडोजने स्वतः भारतीय लिप्या दाखवायला सुरुवात केल्यावर त्याची गरज संपली. पण युनिकोडवाल्यांनी देवनागरीचा तक्ता मांडला तो इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरून. बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू सगळे तक्ते त्याच क्रमाने, समांतर. देवनागरीच्या 'क' मध्ये ठरावीक आकडा मिळवला की गुजरातीचा 'क' येतो. तुमच्या फोनमध्ये, बँकेच्या मेसेजमध्ये, आत्ता तुमच्या समोरच्या या ओळीत तोच क्रम आहे.

पाचशे शब्दांत एवढंच मावलं. निकाल पुढच्या महिन्यात. बक्षीस मिळालं तर ते ग्राफिक्स कार्ड आमच्या कॅबिनेटमध्ये शिरतं का हे आधी मोजून बघायला लागेल, जागा फक्त साडेनऊ इंच आहे.