दौंडचं इंजिन आणि पेटीतलं लिनक्स

आजचा विषय जरा खटपटी लोकांचा आहे, पण सुरुवात रेल्वेने करतो. (दौंडचा माणूस दुसरं काय करणार? :-))

पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडला आली की तिचं इंजिन सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला इंजिन लागायचं. १८७८ साली सुरू झालेली मनमाडची लाईन दौंडला अशी मिळते की गाडीची दिशा बदलल्याशिवाय तिकडे जाताच येत नसे. आता कॉर्ड लाईनमुळे बऱ्याच गाड्या बाहेरच्या बाहेर जातात, पण लहानपणी प्लॅटफॉर्मवर उभं राहून हा प्रकार मी शेकडो वेळा पाहिलाय. आतले प्रवासी वडापाव खात बसलेले. इंजिन बदललं याचा त्यांना पत्ताही नाही.

लिनक्स सुरू होताना बऱ्याचदा हेच घडतं. कर्नल आधी एका छोट्या, तात्पुरत्या फाइलसिस्टिमवर उभा राहतो. तिथली किरकोळ कामं उरकली की खरी फाइलसिस्टिम जोडून तिकडे जातो. ती सापडली नाही तर? तर पॅनिक. दुसऱ्या टोकाला इंजिनच नाही, गाडी दौंडातच उभी.

अशी एक गाडी माझ्या वाट्याला आली ती शिरूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर. दुधाचं वजन, फॅट वगैरे नोंदवणारी एक छोटी पेटी, आत लिनक्स. एका रविवारी सकाळी चेअरमनांचा फोन आला, "साहेब, पेटी चालूच होईना. वह्या काढल्यात परत. पण दहा दिवसांचा पगार काढायचाय, लवकर बघा." दुधाचा पगार म्हणजे गंमत नव्हे, त्यावर घरं चालतात. पेटीतलं कार्ड खराब झालं होतं. नवं कार्ड होतं, बॅकअपही होता. म्हटलं, तासाभराचं काम!

पूर्ण दिवस गेला. बॅकअप घेतला होता झिप करून. फाइली सगळ्या जागेवर, पण डिव्हाइस फाइली गायब आणि प्रत्येक फाइलचा मालक कोण हेही पुसलेलं. मूळ इमेज ज्याने हाताने बनवली तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. काय काय केलं होतं हे त्याच्या डोक्यात होतं, आणि डोकं त्याच्यासोबत गेलं. तेव्हा प्रश्न पडला, की बाकी जगाने हे कसं सोडवलं?

तर थोडा इतिहास. १९९५च्या सुमारास ब्रूस पेरेन्सने बिझीबॉक्स लिहायला घेतलं ते डेबियनची बूट फ्लॉपी बनवताना. १.४४ एमबीत सगळं कोंबायचं, म्हणून डझनावारी कमांडा एकाच प्रोग्रॅममध्ये. जागेचा प्रश्न असा सुटला. पण इमेज बनवायची रीत तशीच होती. रिकामी फाइल तयार करा, तिच्यावर फाइलसिस्टिम आखा, लूप डिव्हाइसने माउंट करा, फाइली भरा, एमकेनॉडने डिव्हाइस फाइली बनवा, अनमाउंट करा. आणि यातल्या बऱ्याच पायऱ्यांना रूट लागायचा!

इथेच गोची आहे. रूट म्हणून चालणारी स्क्रिप्ट म्हणजे उघडी तलवार. स्वानुभव सांगतो. एकदा माझ्या स्क्रिप्टमध्ये इमेजचा पत्ता ठेवायचा व्हेरिएबल रिकामाच राहिला. मग पेटीसाठीच्या फाइली गेल्या थेट माझ्याच लॅपटॉपच्या ईटीसीमध्ये. पेटी राहिली बाजूला, लॅपटॉप पुन्हा बसवावा लागला. अशी भीती असली की माणूस स्क्रिप्ट लिहीतच नाही, हळूहळू हाताने करतो. मग ज्ञान हातातच राहतं.

यातून सुटका दोन युक्त्यांनी झाली. पहिली म्हणजे डेबियनवाल्यांनी १९९७च्या सुमारास काढलेलं फेकरूट. ते प्रोग्रॅमला नुसतं भासवतं की तू रूट आहेस, आणि कोणती फाइल कुणाची याची खोटी वही ठेवतं. दुसरी युक्ती अशी, की माउंट करायचंच नाही. डिव्हाइस फाइली आणि मालकांचा एक साधा तक्ता लिहायचा, आणि तो वाचून अवजाराने थेट इमेज बनवायची. २००१ साली यूसीलिबसीच्या मंडळींनी आपली लायब्ररी तपासायला बिल्डरूट काढलं, तेव्हापासून टूलचेनपासून इमेजपर्यंत सगळं एका मेक कमांडीवर आलं.

आता खरी मजा. लिंक्सिसचा एक राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. २००३ साली लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे. दबाव आला, कंपनीने सोर्स दिला, आणि २००४ साली त्यातून ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. हे ज्या परवान्यामुळे झालं त्या जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ची आहे. तिच्यात सोर्स कोड म्हणजे काय हे सांगताना प्रोग्रॅम बांधायच्या आणि बसवायच्या स्क्रिप्टाही धरल्यात. म्हणजे स्क्रिप्ट नसेल तर सोर्स अपुरा. आमच्या त्या पेटीला हा नियम लावून बघा. कोड सगळा होता, सोर्स नव्हता!

आपल्या जिल्ह्यातलंच आणखी एक उदाहरण देतो. शिरूरहून वायव्येला, जुन्नर तालुक्यात खोडदची जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिच्या अद्ययावत यंत्रणेत रोच नावाचे एफपीजीए बोर्ड वापरलेत. या बोर्डावर पॉवरपीसी प्रोसेसर असतो, त्यावर लिनक्स चालतं, आणि त्याला रूट फाइलसिस्टिम नेटवर्कवरून देता येते. अशा सोयीत फाइलसिस्टिम एका सर्व्हरवर नीट बनवून ठेवली की झालं, बोर्डागणिक कार्ड घेऊन फिरायला नको.

आमच्या पेटीला असलं नेटवर्क कुठलं! आम्ही शेवटी कार्ड घेऊनच फिरलो. पण त्या रविवारनंतर बिल्डरूटची मांडणी केली, डिव्हाइसचा तक्ता लिहिला, चूक झाली की तिथेच थांबेल अशी स्क्रिप्ट केली. मग ऑफिसातल्या सगळ्यात नव्या मुलीला फक्त फोल्डर दिलं आणि म्हटलं, मला काही विचारायचं नाही, इमेज बनव. तिने दोनदा विचारलं. दोन्ही उत्तरं स्क्रिप्टमध्ये घातली. तिसऱ्या वेळी पेटी बूट झाली, आणि मी त्या वेळी चहाला गेलेलो.

चेअरमनांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांचे प्रवासी वेळेवर पोचतायत, बास.

असो. तूर्तास इतकंच. तुमच्याकडच्या पेट्यांच्या स्क्रिप्टा आहेत ना जागेवर?